गिटारवर उमटलेले गोधडीचे टाके

गोधडी आजीची. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर धावदोऱ्याचे बारीक टाके, तिफणीनं पेरल्यासारखे ओळीच्या ओळी. तिच्यात गिटार गुंडाळून मी मानवतला गणपतीच्या कार्यक्रमाला घेऊन गेलो. स्टेजच्या मागं गाठोडं सोडलं तर गिटारच्या पाठीवर त्याच ओळी उमटलेल्या. टाका न् टाका मोजून घ्यावा इतक्या स्वच्छ. आमचा कीबोर्डवाला वाकून बघत म्हणाला, "हिला पांघरून घालून निजवली होतीस का रे?" नशीब, गिटारची पाठ वाजवणाऱ्याच्या पोटाला लागलेली असते. लोकांना काही दिसलं नाही.

रंग देऊन चार दिवस झाले होते. बोट लावून बघितलं होतं, चिकटत नव्हतं. टिचकी मारली होती, आवाज कडक आला होता. डब्यावर तर वीस मिनिटांत वाळतो असं छापलेलं. मग चार दिवसांनी काय शिल्लक राहिलं असणार, असा माझा हिशेब. तो कुठं चुकला हे समजायला पुढं दिवाळी उलटून गेली.

परभणीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नसराईत आणि गणपती-नवरात्रात एका ऑर्केस्ट्रात वाजवतो. ही इलेक्ट्रिक गिटार ऑर्केस्ट्रातल्याच एका दादांनी वाजवणं सोडलं तेव्हा त्यांच्याकडून घेतली. आवाज चांगला, पण अंगावरचा रंग पोपडे धरून सुटलेला. श्रावणात गिऱ्हाईक कमी, म्हणून म्हटलं आपणच रंगवू. नेक म्हणजे गिटारची मान खोलली, तारांचा आवाज पकडणारे पिकअप आणि तारा टेकतात तो ब्रिज काढले, पॉलिश पेपरनं घासून लाकूड उघडं केलं आणि हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या रंगाचे स्प्रेचे डबे आणले.

बाहेर रिपरिप चालू आणि मी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दार लावून फवारतोय. पहिल्या दिवशी तीन हात, दुसऱ्या दिवशी तीन हात. चमक यावी म्हणून तिसऱ्या दिवशी गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून क्लिअर लॅकरचा डबा आणून वरून मारला. मारला तसा रंग माझ्या डोळ्यांदेखत आकसायला लागला. तापलेल्या दुधावर साय धरते आणि पातेलं हललं की तिला सुरकुत्या पडतात, हुबेहूब तसं. खाली साधा सिंथेटिक इनॅमल होता, लोखंडी गेटला मारतात तो. लॅकरचा थिनर त्याच्यापेक्षा तेज. अर्धवट वाळलेल्या इनॅमलमध्ये तो शिरतो, रंग फुगतो आणि खालची पकड सोडून वर उचलला जातो. हा घोळ एकाच जातीच्या रंगातही होऊ शकतो. इनॅमलच्या काही डब्यांवर लिहिलेलंच असतं, की पुढचा हात तासाभराच्या आत द्या, नाहीतर 48 तास उलटल्यावर द्या. मधल्या वेळात दिला तर सुरकुत्या. अक्षर इतकं बारीक, की ते मी सुरकुत्या पडल्यावर भिंगातून वाचलं. भिंग दुकानात रोज हाताशी असतं, ही गोष्ट वेगळी.

घासून काढलं, परत तसेच काळे हात दिले. गणपती तोंडावर आले होते. म्हणून दुकानातला गरम हवेचा ब्लोअर आणला, बोर्डावरचे आयसी काढायचा. दहा सेकंदांत बॉडीच्या वरच्या शिंगावर, म्हणजे नेकच्या बाजूला पुढं आलेल्या टोकावर, बारीक बारीक फोड आले, तव्यावरच्या पापडाला येतात तसे. मग तो नाद सोडला, चार दिवस थांबलो, सगळं जोडलं, तारा चढवल्या आणि आजीची गोधडी घेतली. पुढचं वर सांगितलंच आहे.

मानवतहून परत आल्यावर मी गिटार खाटेवर टाकून बसलो होतो. आईनं पाठीवरून हात फिरवला आणि हसायलाच लागली.

"कुरडया वाळवतानी कधी बघितलं नाहीस का? वरून कडक लागती, अन् आत वली ऱ्हाती. तशीच डब्यात भरली की बुरशी."

"मग वाळली का नाही हे कळतं कसं?"

"हात लावून कळत नसतंय. मोडायची. कट्टदिशी मोडली तर वाळली. वाकली तर अजून ऊन दे."

गिटार मोडून बघता येत नाही, एवढीच अडचण. पण आईचं म्हणणं डोक्यात राहिलं.

आमच्या दुकानाच्या गल्लीला लागून डेंटिंग-पेंटिंगचं एक गॅरेज आहे. तिथले पेंटर चाचा तीस-पस्तीस वर्षं गाड्या आणि ट्रॅक्टर रंगवतात. त्यांच्याकडं गिटार घेऊन गेलो. त्यांनी रंगाला हात लावलाच नाही. बॉडी उचलून नाकाशी धरली आणि माझ्यापुढं केली.

"सूंघ."

घासलेट आणि थिनरच्या मधला कसलासा वास.

"वास येतो तोवर थिनर आत आहे. थिनर आत आहे तोवर रंग कच्चा. वाळणं अलग, पकणं अलग, बेटा. तू वाळलेला रंग बांधून नेला."

मग इनॅमलचं गणित त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं आणि मी ते नंतर वाचून पडताळलं. इनॅमल दोनदा वाळतो. आधी थिनर उडतो, तेव्हा हाताला चिकटेनासा होतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्यातलं तेलाच्या जातीचं राळ हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हळूहळू आपसात गुंफून घट्ट होतं. लहानपणी आम्ही क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल चोळून ठेवायचो आणि काही दिवसांनी त्याचा कोरडा पापुद्रा धरायचा, त्यातलाच हा प्रकार. हवा वरून लागते, म्हणून वरचा भाग आधी घट्ट होतो आणि खालच्याची वाट तोच अडवतो. थर जितका जाड तितकी खालच्याची तंगी. मी दोन दिवसांत सहा हात चढवले होते, तेही पावसाळी हवेत, दार लावून. आणि शेवटी हवा बंदच व्हावी म्हणून की काय, गोधडीत गुंडाळलं. पातळ हात, मोकळी हवा आणि काही आठवडे दिले असते तर तोच स्वस्तातला इनॅमल चांगला निघाला असता. रंगाला दोष देण्यात अर्थ नाही.

रंग उतरवताना तर खात्रीच पटली. सपाट भागावर वरचा पापुद्रा कडक, पण शिंगांच्या खोबणीत, जिथं हात जाड बसले होते तिथं, खाली च्युइंगमसारखा लगदा. पॉलिश पेपर दोन मिनिटांत भरून गुळगुळीत व्हायचा. शेवटी पेंट रिमूव्हर लावून, खरवडून, पुसून, नवरात्राच्या आधी परत उघड्या लाकडावर आलो.

आता कुठला रंग? चाचा म्हणाले, "पीयू मारू. हार्डनर घालून. उद्या संध्याकाळी घेऊन जा." पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. खरं सांगायचं तर घाई असेल त्यानं हेच करावं. हार्डनरवाल्या रंगात दोन डब्यांतली द्रव्यं एकमेकांशी भिडून पक्की होतात, हवेची वाट बघत बसावं लागत नाही. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा छातीत गेला तर दमा लागू शकतो, आणि चाचांच्या तोंडाला कायम एक चौकड्याचा रुमाल. रुमालानं धूळ अडेल, वाफ अडत नाही. माझ्या गिटारसाठी त्यांनी ते ओढू नये असं वाटलं. मी तसं म्हटल्यावर ते हसले, "तीस साल ओढलं." मी एक मास्क ऑनलाइन मागवला, वाफ अडवणाऱ्या कोळशाच्या डब्या लावलेला, आणि काम झाल्यावर तो त्यांच्याकडंच ठेवला. वापरतात की नाही, विचारायला गेलं की विषय बदलतात.

शेवटी एन.सी. ठरला, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. जुने पेंटर ज्याला ड्युको म्हणतात तो. अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीनं 1923 साली ड्युको बाजारात आणला, तोवर एक मोटार रंगवून वाळवायला आठवड्यांमागून आठवडे जात. गाड्यांचा हा रंग पुढं गिटारवाल्यांनी उचलला. फेंडर कंपनीच्या गिटारींचा तो प्रसिद्ध फियेस्टा रेड मुळात 1956 च्या फोर्ड गाडीचा रंग. आणि हे नायट्रोसेल्युलोज बनतं कशापासून, तर कापसापासून. जिनिंगमध्ये रुई काढून घेतल्यावर सरकीला जे बारीक तंतू चिकटून राहतात ते घेऊन त्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करतात. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा वडील ताटावरून वर बघून म्हणाले, "म्हणजे सरकीचाच रंग की. मग अमेरिकेला कशाला जायलास?"

अमेरिकेनं गाडीचा रंग घेतला, मी ट्रॅक्टरचा घेतला. चाचांच्या फळीवर एका ट्रॅक्टरच्या बॉनेटसाठी जुळवलेला लाल एन.सी. अर्ध्या डब्याहून जास्त उरला होता. मराठवाड्यातल्या गिटारला याहून योग्य रंग मला सुचला नाही.

एन.सी.चं वाळणं इनॅमलपेक्षा साधं. त्यात काही गुंफत नाही, ऑक्सिजनचा संबंध नाही. थिनर उडाला की मागं राहिलेला पापुद्रा म्हणजेच रंग. म्हणून तर नवा हात दिला की त्याचा थिनर खालच्या हाताला विरघळवून त्यात मिसळतो आणि सगळे हात मिळून एकच थर होतो. सुरकुत्यांची भीती नाही. पण यातच एक मेख आहे, जी मला आधी कळली नव्हती. नव्या हातानं खालचा रंग पुन्हा ओला होतो. आठ दिवसांपूर्वी दिलेला हात आठ दिवस वाळलेला आहे, असं धरता येत नाही. मोजणी शेवटच्या हातापासून.

दसऱ्यानंतर हवा कोरडी पडायला लागली. तीनशे-साडेतीनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं एक घड्याळ मागवून गॅरेजमध्ये टांगलं. श्रावणात हे असतं तर मी डबा उघडलाच नसता. सकाळी नऊला साठच्या आसपास, अकरापर्यंत पन्नासच्या खाली. चाचांचं वेळापत्रक पक्कं, रंग सकाळी नऊ ते अकरा. त्यानंतर ऊन चढतं, गल्लीत धूळ उडते आणि गनमधून निघालेला रंग लाकडावर पोचेपर्यंत हवेतच वाळून खरखरीत बसतो. उन्हाळ्यात तर ते सकाळी सातलाच उरकतात.

नेकच्या खाचेत टेप लावून एक लाकडी दांडा स्क्रूनं ठोकला, धरायला आणि टांगायला. आधी लाकडाची छिद्रं बुजवणारा सँडिंग सीलर दोनदा, मधे घोटून. मग लाल, पातळ तीन हात, दोन हातांमध्ये पाऊण तास. मग क्लिअर, दिवसाला तीन हातांच्या वर नाही, असे तीन दिवस. आईच्या कुरडईसारखं पारखून बघायला एक फळकूटही तयार ठेवलं होतं. वीतभर लाकडाचा तुकडा, त्यालाही तोच सीलर, तोच लाल, तेवढेच हात, त्याच वेळी. गिटारला नख लावायचं नाही, जे करायचं ते फळकुटाला.

क्लिअरच्या दुसऱ्या दिवशी माझी चूक झाली. सकाळी गिऱ्हाईक आलं, मला उशीर झाला, चाचांना म्हटलं संध्याकाळी मारू. ते नको म्हणत होते. आभाळ भरून आलेलं, परतीचा पाऊस परभणीला अजून सोडत नव्हता. हात दिला आणि पाच मिनिटांत लाल रंगावर दुधाळ धुकं धरलं, काचेवर वाफ बसावी तसं. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, म्हणून रंग भोवतालच्या हवेपेक्षा गार पडतो. माठातलं पाणी गार होतं तेच हे. हवेत ओल असली की ती या गार रंगावर उतरते आणि आत अडकते. माझा चेहरा बघून चाचा म्हणाले, "रडू नक्को. उद्या उतरल." दुसऱ्या दिवशी अकराला, कडक उन्हाच्या वेळी पण सावलीत, त्यांनी क्लिअरमध्ये थोडा रिटार्डर थिनर घातला, सावकाश उडणारा, आणि एक पातळ हात फिरवला. खालचा थर पुन्हा सैल झाला, अडकलेली ओल निघून गेली, धुकं गेलं. इनॅमलला हे जमलं नसतं.

शेवटचा हात पडला त्या संध्याकाळी मी वहिनींचा काटा गॅरेजमध्ये घेऊन गेलो.

काट्याची कल्पना वडिलांची. ते मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहेत. सोयाबीनचा हंगाम चालू होता आणि घरात रोज हवेचाच विषय. मोंढ्यात दाण्यातल्या ओलाव्याला हवा म्हणतात. बारा टक्क्यांच्या वर हवा असली की भाव तुटतो, आणि शेतकऱ्याला वाटतं, मी तर चार उन्हं दिलीत. मी रंगाचं रडगाणं गात होतो तर ते सहज म्हणाले, "वाळलं की वजन तुटतंय. मालाचं तुटतंय तर रंगाचं तुटणार नाही का? तोलून बघ." वहिनी घरी केक करून विकतात, त्यांच्याकडं दहा किलोपर्यंत तोलणारा, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा आहे. तो गॅरेजमध्ये नेला हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. त्यावर मी इथं काही लिहीत नाही.

दांडा काढून तोललेल्या उघड्या बॉडीचं वजन मी आधीच लिहून ठेवलं होतं, 2,138 ग्रॅम. शेवटच्या हातानंतर संध्याकाळी 2,211. दुसऱ्या दिवशी सकाळी 2,203. रात्रीत आठ ग्रॅम हवेत गेले. त्या सकाळी बोट लावलं असतं तर रंग ठणठणीत वाळलेला. चौथ्या दिवशी 2,196. आठव्या दिवशी 2,191. म्हणजे हाताला काहीच कळत नव्हतं तेव्हाही ते आतून निघतच होतं. यातला एखाद-दुसरा ग्रॅम लाकडातल्या ओलीचा असणार, कारण हवाही त्याच दिवसांत कोरडी होत होती. पण कल कळायला तेवढं पुरे.

तिसऱ्या दिवशीच बॉडी घरी आणली होती. मी मित्राच्या स्कूटरवर मागं बसलो, दांडा हातात उभा धरलेला, वर लाल बॉडी. चौकात एकानं विचारलं, कुणाची मिरवणूक आहे. घरी मधल्या खोलीत तुळईला पाळण्याची जुनी कडी आहे, तिला तारेनं टांगली. समोरासमोर दोन खिडक्या, दोन्ही उघड्या. पंखा थेट नाही, धूळ बसते. ऊन अजिबात नाही. उन्हात ठेवायचा मोह फार होतो, पत्रा लगेच वाळतो म्हणून लाकूडही वाळेल असं वाटतं. पण लाकडाच्या छिद्रांत हवा असते, ती तापून फुगते आणि मऊ रंगाला खालून ढकलते. शिवाय एन.सी. तापला की मऊच पडतो. वरचा पापुद्रा घाईनं धरतो आणि थिनर आत कोंडतो. माझ्या ब्लोअरनं दहा सेकंदांत जे केलं ते ऊन दिवसभरात करतं.

मधे दिवाळी आली. आईला मधल्या खोलीच्या खिडकीत पणती ठेवायची असते, वर्षानुवर्षं. थिनरची वाफ पेटती असते आणि नायट्रोसेल्युलोज तर कापसाच्या बंदुकीच्या दारूचा सख्खा भाऊ. शेवटच्या हाताला दहा-बारा दिवस झाले होते, वाफ जवळजवळ नव्हतीच, तरी माझा धीर होईना. आई म्हणाली, "लक्ष्मी मोठी का तुझी गिटार?" तोडगा निघाला. पणती अंगणातल्या तुळशीपाशी आणि खिडकीत विजेची माळ. गिटारला आईनं हळदीकुंकू लावायचं म्हटलं, ते मात्र मी हात जोडून थांबवलं. ओल्या बोटाचा ठसा, आणि तोही पिवळा.

दहाव्या दिवशी मला राहवलं नाही. बॉडीला हात लावला नाही, पण फळकुटाचा अर्धा भाग वॉटर पेपरनं, म्हणजे पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरनं, घोटला आणि रबिंग, म्हणजे चमक आणायची पेस्ट, मारलं. आरसा. तोंड दिसावं असा. वाटलं, चाचा उगाच थांबवतात. दोन आठवड्यांनी तेच फळकूट खिडकीत तिरपं धरलं तर घोटलेल्या अर्ध्या भागावर लाकडाच्या रेषा परत वर आलेल्या आणि चमक विझलेली. थिनर निघत गेला तसा रंग आकसला आणि छिद्रांवर खोलगट बसला. घोटताना सपाट केलेला पृष्ठभाग सपाट राहिलाच नाही. न घोटलेला अर्धा भाग अजून तसाच होता, संत्र्याच्या सालीसारखा, पण खरा. त्या दिवसापासून मी फळकूट दुकानात काउंटरवर ठेवलं.

पंधराव्या दिवशी 2,187. बाविसाव्या दिवशी 2,185. नखानं फळकुटाच्या कडेला दाबलं तर पहिल्या आठवड्यात चंद्रकोर उमटायची, आता नुसती पुसट रेघ. नाकाला वास नाही. तिसाव्या दिवशी 2,184 आणि पस्तिसाव्या दिवशीही 2,184. वहिनींनी काटा मागितलाच होता, परत दिला.

मग घोटाई. याबद्दल लिहावं तेवढं थोडं, पण माझे दोन दिवस त्यात गेले ते रंगाच्या वाळण्याशी जोडलेले आहेत म्हणून सांगतो. हजारच्या वॉटर पेपरनं सुरुवात, मग बाराशे, पंधराशे, दोन हजार. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब. पक्का झालेला रंग घोटताना पांढरं, दुधासारखं पाणी सुटतं आणि पेपर स्वच्छ राहतो. कच्चा असेल तर पेपरवर गोळ्या धरतात. दोन्ही मी अनुभवलंय, फरक पहिल्या मिनिटात कळतो. स्क्रूच्या भोकांत आधी मेणबत्ती घासून घेतली, कारण भोकातून पाणी शिरलं की लाकूड फुगतं आणि भोकाभोवती रंग तडकतो. एका भोकाला विसरलो. ब्रिजच्या खाली, झाकलं गेलं. कडांवर बोट जपून, तरी खालच्या शिंगाच्या टोकावर क्लिअर आणि लाल दोन्ही ओलांडून सीलरपर्यंत पोचलो. चाचांनी लालचा एक ठिपका ब्रशनं दिला, वर थोडा क्लिअर, परत आठ दिवस. एन.सी. असल्यामुळं तो ठिपका मूळ रंगात विरघळून गेला, आता शोधून सापडत नाही. चाचांनी पॉलिशचं मशीन देऊ केलं होतं. नको म्हटलं. मशीननं रंग तापतो, आणि तापवण्याचा माझा कोटा संपला होता. जुन्या बनियनचा बोळा करून हातानं रबिंग मारलं.

जोडताना एक खबरदारी घेतली. गिटार उभी करायच्या स्टँडला रबराचे हात असतात. त्या रबरातली काही द्रव्यं एन.सी.मध्ये उतरतात आणि महिन्या-दोन महिन्यांत रंगाला डाग पडतो किंवा तिथं तो मऊ होतो, पक्का झालेला असला तरी. स्टँडच्या हातांना मी आजीच्या लुगड्याची एक जुनी पट्टी गुंडाळली. गोधडीतून उरलेली.

फेब्रुवारीत उरुसात वाजवायचं होतं. परभणीचा उरूस म्हणजे चाचांचं हक्काचं ठिकाण. कार्यक्रम संपल्यावर ते मागं आले, काही न बोलता गिटार घेतली, पालथी केली आणि पाठीला नाक लावलं. मग उजेडाकडं तिरपी धरून एकदा बघितली आणि परत दिली. "हौ," एवढंच म्हणाले.

परवा तारेचं एक जोड सुटलं म्हणून गिटारची मागची झाकणी काढली. आतल्या खाचेच्या कोपऱ्यात, जिथं फवारताना रंग साचून जाड थर झाला होता, तिथून अजून थिनरचा वास आला. नख लावून बघितलं. रुतलं.